चिनी वाचणारे सुखदेवभाऊ

माफ करणारी माणसं मला कधी फारशी पटली नाहीत. त्यांच्याविषयी आदर वाटतो, पण रोज दुकानात येऊन बसावीत असं वाटत नाही. सुखदेव लांजेवार माझ्या दुकानात जवळजवळ वर्षभर येऊन बसले आणि मला त्यांचा कधी कंटाळा आला नाही, कारण या माणसानं एका माणसाला अजिबात माफ करायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्यासाठी तो चिनी वाचायला शिकत होता.

तुमसरला बाजाराच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, शाळेचे फॉर्म, जे पडेल ते. दिवाळी नुकतीच आटोपली होती तेव्हा सुखदेवभाऊ पहिल्यांदा आले. पन्नाशी उलटलेले, उंच, पुढे वाकून चालणारे. राइस मिलमध्ये आयुष्य गेल्यामुळे भुवया कायमचा कोंडा बसल्यासारख्या भुरकट झालेल्या. त्यांनी मोबाईल काउंटरवर ठेवला. त्यात एका मशीनच्या पडद्याचा फोटो होता. पडद्यावर पिवळी चौकट, चौकटीत चिनी अक्षरं, आणि नेमक्या मधल्या अक्षरांवर ट्यूबलाइटचा उजेड पडून ती विरघळलेली.

"ताई, याचा मोठा कागद काढून द्या."

"काय लिहिलं आहे जी यात?"

"थेच त पाह्यजे मले."

मी हौसेनं मोबाईलमधलं भाषांतर लावून पाहिलं. पहिल्यांदा त्यानं सांगितलं, 'कृपया सुंदर खिडकीला रडा.' मोबाईल जरा तिरका धरला तर म्हणाला, 'यंत्राचे दात.' सुखदेवभाऊंनी दोन्ही शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदाची घडी घातली. "याले माह्यापरीस कमी येते," ते म्हणाले.

त्यांचं काय बिनसलं होतं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. तुमसरच्याच एका मिलमध्ये ते तीस वर्षं ऑपरेटर. मिलचं नाव मी सांगत नाही. सेठनं काही वर्षांपूर्वी तिथं चिनी सॉर्टर आणला होता. यात तांदूळ वरून उतरत्या पन्हळीतून घसरत येतो, काचेमागचे कॅमेरे दाणा न् दाणा पाहतात आणि काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. पडद्यावर सगळं चिनीत. नागपूरहून कंपनीचा इंजिनीअर यायचा, त्यानं सुखदेवभाऊंना एवढंच शिकवलं होतं की काहीही आलं तरी हिरवं दाबायचं. या इंजिनीअरचंही नाव मी लिहिणार नाही. छापील कागदावर नाव येण्याइतकी त्याची लायकी नाही.

त्या वर्षी दसऱ्याला रिवाजाप्रमाणे मिलमध्ये सगळ्या मशीनची पूजा झाली. दुसऱ्या दिवसापासून ती पिवळी चौकट येऊ लागली. सुखदेवभाऊंनी तिचा फोटो काढून इंजिनीअरला पाठवला. उत्तर आलं, हिरवा दबाओ. त्यांनी दाबलं. चौकट पुन्हा आली, पुन्हा दाबलं. चार दिवसांनी त्या मालाचा अख्खा ट्रक परत आला, कारण तांदळात काळे दाणे तसेच राहिले होते. सेठ खवळले. इंजिनीअर आला, सगळ्यांना बाहेर काढून त्यानं दहा मिनिटं मशीन उघडली, बंद केली, आणि बाहेर अंगणात हमालांच्या, गाडीवाल्यांच्या देखत सेठला म्हणाला, "इसने सेटिंग में उंगली की है. अंगूठाछाप के हाथ में मशीन दोगे तो यही होगा."

सुखदेवभाऊंनी मोबाईल पुढे केला, की ही चौकट येत होती, तुम्हाला विचारलं होतं. तो म्हणाला, "ये तो रोज का मेसेज है, मशीन तैयार है बोलता है. मैं छह महीना चाइना में रहा हूँ, मुझे पढ़ना आता है. तुझे आता है क्या?"

त्याच दिवशी त्यांना काढलं. आणि तुमसरमध्ये मिली कितीही असल्या तरी गाव एकच आहे. संध्याकाळपर्यंत तो शब्द सगळ्या मिलींच्या फाटकांवर पोचला होता. जिथं गेले तिथं हमालीचं काम मिळत होतं, मशीन कुणी हातात देत नव्हतं. पवनीकडच्या गावात नववीपर्यंत शिकलेला आणि पेपर टेंडरच्या नोटिशींसकट वाचणारा माणूस आता अंगठाछाप ठरला होता. नोकरी गेली याचं त्यांना दुःख होतंच. पण राग होता तो या एका शब्दाचा, आणि तो शब्द त्या माणसाच्या घशात परत घालायचा होता.

त्यासाठी त्या चौकटीत काय लिहिलंय ते कळायला हवं होतं, आणि तेही स्वतःला.

इंटरनेटवर मला चिनी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या छोट्या छोट्या गोष्टी सापडल्या. पायऱ्या लावलेल्या. पहिल्या पायरीच्या गोष्टी पंधरा-वीस ओळींच्या, मोजक्याच अक्षरांत लिहिलेल्या, आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीत तीन-चारच नवी अक्षरं. खाली इंग्रजीत अर्थ. इंग्रजीचा मराठी अर्थ मी सांगायचा, तो त्यांनी वहीत उतरवायचा, असं ठरलं. माझं बी.ए.चं इंग्रजी पास क्लासचं होतं, पण 'आई', 'भात', 'मोठा कुत्रा' एवढं मला येत होतं.

उच्चारांच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. "मले बोलाचं नाही कोनासंग. वाचाचं हाये." ते चिनी अक्षर पाहून सरळ आमच्या इकडच्या झाडीबोलीत वाचायचे. "आज माय बाजारात गेली. मायनं मासे नाही घेतले. माय लय चिडली." चीनमधली ती आई आमच्या दुकानात अगदी तुमसरची होऊन जायची. झेरॉक्सला आलेल्या बाया थांबून ऐकायच्या आणि मासे कायले नाही घेतले म्हणून मला विचारायच्या.

शिकण्याची त्यांची रीत मिलमधली होती. पानावर जे अक्षर ओळखता येईना त्यावर लाल पेन्सिलीचा ठिपका. ठिपक्यांना ते काळे दाणेच म्हणत. पानभर वाचून झालं की काळे दाणे मोजायचे, आणि तीनपेक्षा जास्त निघाले तर ती गोष्ट पास नाही, दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा. पोत्यात लोखंडी परखी खुपसून मधलाच तांदूळ काढून पाहतात, तसं ते मला मागच्या गठ्ठ्यातला कुठलाही कागद उपसायला सांगत आणि तो घडाघडा वाचून दाखवत. एकही अक्षर अडलं तर त्या दिवशी नवी गोष्ट नाही. मी म्हटलं, "भाऊ, एवढं कडक तर सरकारी गोदामातपण नाही पाहत." तर म्हणाले, "म्हणूनच थो माल तसा असते."

खायच्या बाबतीतही हेच. मी चिवडा पुढे केला तर आधी तळहातावर अंगठ्यानं पसरून त्यातला करपलेला दाणा बाजूला काढणार, मग खाणार. पण गोष्टी मात्र त्यांना अशा निवडता येत नसत, येईल ती वाचावी लागे. आणि त्यातल्या एका गोष्टीवरून त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. दुसऱ्या पायरीवरची गोष्ट होती. एका म्हाताऱ्याचं बदक शेजाऱ्यानं मारून खाल्लं. म्हाताऱ्याला कळलं. शेवटी शेजारी रडला, म्हाताऱ्यानं त्याला घरात बोलावलं आणि दोघं चहा प्यायले. गोष्ट संपली. सुखदेवभाऊंनी कागद उलटा करून पाहिला.

"मंग?"

"मग काही नाही. चहा प्यायले."

"चहा पेले? बस? बदकाचं काय?"

मी म्हटलं, ही वाचायला शिकायची गोष्ट आहे, ती काही मी लिहिलेली नाही. ते म्हणाले, "पन छापली त तुमीच." आणि उठून गेले. आठ दिवसांनी परत आले तेव्हा शेवटची ओळ खोडून तिथं पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या पण चिनी अक्षरांत, त्यांनी स्वतःची ओळ लिहिली होती. मी मोबाईलवर तपासली. 'म्हातारा शेजाऱ्याची दोन बदकं खातो.' त्यांच्या हातचं हे पहिलं चिनी वाक्य. ते मी लॅमिनेशन करून ठेवलं आहे.

चौकटीचा मोठा कागद त्यांच्या वहीत कायम असे. गोष्टींत एखादं अक्षर भेटलं की तो कागद उघडून पाहायचे, आहे का तिथं. पहिला शब्द सापडला तो 'कृपया'. त्या शब्दाभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल केला. मग म्हणाले, "मशीन मले कृपया म्हनून राह्यली होती, ताई. थो मानूस कधी म्हनला नाही." त्यानंतर महिनाभरानं 'तर' सापडला. दोन शब्दांना सहा महिने, आणि कामाचे शब्द नेमके त्या उजेडाखाली.

उन्हाळ्यात एकदा तो इंजिनीअरच माझ्या दुकानात आला. कुठल्याशा मिलचा रिपोर्ट छापायचा होता. खुर्चीवर सुखदेवभाऊ, मांडीवर चिनी कागद. त्यानं वाकून पाहिलं आणि हसला. "क्या भैया, चाइना जा रहे हो?"

"नाही जी," सुखदेवभाऊ मान वर न करता म्हणाले, "तुमच्याकडेच येऊन राह्यलो. सावकाश."

तो हसतच राहिला. मी त्याचा रिपोर्ट मुद्दाम फिकट शाईत छापला. तेवढंच माझ्या हातात होतं आणि ते करताना मला बरं वाटलं.

पाऊस सरत आला तेव्हा तिसऱ्या पायरीवरची एक गोष्ट आली. नव्या वर्षाआधी एक घर साफ करत असतं, आपल्याकडे दिवाळीआधी करतात तसं. मुलगी खिडकीशी उभी राहते, बाहेरचं काही दिसत नाही. आई म्हणते, काच मळली आहे, पूस. सुखदेवभाऊ वाचता वाचता अडखळले. मी अर्थ सांगितला, काच. मग मळली. मग पूस. त्यांनी वहीत उतरवून घेतलं, चौकटीचा कागद काढला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. उजेडात विरघळलेल्या त्या अक्षरांकडे मी शंभरदा पाहिलं होतं, पण ओळखीचं माणूस पाठमोरं गेलं तरी कळतं, तशी ती मलासुद्धा दिसली.

काच मळली आहे. कृपया पुसा, तर दाणा दिसेल.

मी टाळी वाजवणार होते. पण सुखदेवभाऊंचा चेहरा उतरला होता. त्यांनी आपलं एक बोट वर धरून पाहिलं.

"ताई, कुंकू," ते म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी बाकी मशीनना त्यांनी बाहेरून कुंकू लावलं होतं. सॉर्टरचं मात्र दार उघडून आतल्या काचेवर, प्रत्येक कॅमेऱ्यासमोर, तेलात कालवलेल्या कुंकवाचं एकेक बोट लावलं होतं. त्यांच्या मते ते तिचे डोळे होते. मिलमध्ये सगळ्यात जास्त काम डोळे करतात, तर पूजा त्यांची आधी. मशीन चार दिवस त्यांना सांगत होती आणि ते चार दिवस हिरवं दाबत होते. इंजिनीअरनं दार उघडल्याबरोबर ते पाहिलं असणार, गुपचूप पुसलं असणार. पण काच मळली होती असं तो सेठला सांगता तर पुढचा प्रश्न आलाच असता, मशीन काही बोलली नाही का? आणि मग त्याचं चीनमधलं वाचन उघडं पडलं असतं.

मी म्हटलं, "भाऊ, हे राहू द्या आता. सांगाल तर तुमच्यावरपण येईल."

"येऊ द्या. अर्धा मार मी खातो. पन अर्धा त्याले पडलाच पाह्यजे."

त्यानंतरच्या पंधरवड्यात त्यांनी गोष्टी बाजूला ठेवल्या आणि मिलमध्ये असताना मोबाईलवर काढून ठेवलेले पडद्याच्या पानांचे फोटो घेऊन बसले. नव्या हंगामाआधी इंजिनीअर मशीन तपासायला येतो तो दिवस त्यांना ठाऊक होता. त्या दिवशी मला म्हणाले, दुकान बंद करून चला, सेठ बाईमाणसासमोर हाकलणार नाही. मी शटर ओढलं. असं पाहायला रोज मिळत नाही.

सेठ, त्यांचे दोन नोकर आणि इंजिनीअर मशीनपाशी उभे होते. सुखदेवभाऊंनी चौकटीचा मोठा कागद इंजिनीअरपुढे धरला. "वाचून दाखवा जी."

"अरे फिर वही? मशीन तैयार है लिखा है."

सुखदेवभाऊंनी तो कागद खाली ठेवला आणि दुसरा दिला. पहिल्या पायरीची पहिली गोष्ट, मोठ्या अक्षरांत. "मंग हे वाचा. हे त लेकराईचं हाये. तुमी सहा महिने राह्यले."

त्यानं कागद घेतला. उलटा धरला आहे हेही त्याला कळलं नाही. सुखदेवभाऊंनी त्याच्या हातात तो सुलटा करून दिला, अगदी अदबीनं. त्यानं कागद परत पुढे केला. नोकरांपैकी एक खुदकन हसला.

मग सेठची परवानगी घेऊन सुखदेवभाऊ पडद्यापाशी गेले. एकेक ओळ वाचत, मोठ्यानं झाडीबोलीत अर्थ सांगत, ते एका पानातून दुसऱ्या पानात उतरत गेले. मशीनचं काम. मशीनची दुरुस्ती. मशीनची भाषा. तिथं थांबले, एक बटण दाबलं, आणि अख्खा पडदा इंग्रजी झाला.

सेठला इंग्रजी येतं. इतकी वर्षं पडदा एका बटणात इंग्रजी होण्यासारखा होता आणि सगळ्यांना बाहेर काढून स्वतःचं काम इंग्रजीत उरकणाऱ्या याच माणसानं तो चिनीत ठेवला होता, दर वेळी यालाच बोलवावं लागावं म्हणून, हे कळायला सेठला फार वेळ लागला नाही. सुखदेवभाऊंनी गेल्या दसऱ्यानंतरची नोंद काढून दाखवली. मशीन काही विसरत नाही. 'काच मळली, कृपया पुसा' आणि खाली 'ठीक', पुन्हा 'काच मळली', पुन्हा 'ठीक', चार दिवस. सेठ एकेक ओळ खाली खाली वाचत गेले आणि इंजिनीअर त्याच्या बॅगेची चेन उगीच उघडबंद करत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे अगदी भरपूर पाहून घेतलं.

मग सेठनं विचारलं, "पन काच मळली कायनं?"

गप्प राहता आलं असतं. ते फक्त इंजिनीअरला ठाऊक होतं आणि तो आता बोलण्याच्या अवस्थेत नव्हता.

"कुंकवानं," सुखदेवभाऊ म्हणाले. "म्याच लावलं. हिरवंबी म्याच दाबलं. पन वाचता येत नव्हतं म्हनून दाबलं, आन् दाबाले यानं सांगतलं. आता मले येते. याले अजून नाही येत."

सेठनं इंजिनीअरला तिथल्या तिथं फाटकाबाहेर काढलं. सुखदेवभाऊंना परत घेतलं नाही. म्हणाले, ट्रक तर तुयाच हातानं गेला ना भाऊ. सेठलोकांना न्याय समजतो, पण तो स्वतःच्या मिलपुरता.

मला वाटलं होतं आता ते थांबतील. त्यांनी सायकल काढली. जिथं जिथं त्या कंपनीचा सॉर्टर होता त्या प्रत्येक मिलमध्ये गेले, मालकाला नमस्कार केला, दोन मिनिटं पडद्यापाशी मागितली आणि भाषा बदलून निघून आले. कुणी चहा विचारला तर नाही म्हणाले. शेवटची मिल चिखला गावाच्या वाटेवर होती, तिथं जाऊन येईपर्यंत दिवस गेला. मी चिडून म्हटलं, "अहो, अख्ख्या तालुक्यात चिनी वाचणारे तुम्ही एकटे. त्याच्या जागी तुम्हालाच बोलावलं असतं सगळ्यांनी. धंदा झाला असता तुमचा."

"मले धंदा नव्हता कराचा," ते म्हणाले. "त्याचा बंद कराचा होता."

पुढे ते पवनीकडे लेकीच्या गावी राहायला गेले, त्यानंतर भेट नाही. शेवटचं पाहिलं ते तुमसर रोड स्टेशनवर. मी कार्ट्रिज आणायला नागपूरला निघाले होते. ते धुतलेला शर्ट घालून बाकावर बसले होते. मी विचारलं, "कुठं जाऊन राहिले, भाऊ?"

"कुठीच नाही. थो जाऊन राह्यला, त्याले पाहाले आलो."

थोडं पुढे इंजिनीअर बॅग घेऊन उभा होता. कंपनीनं इकडचं काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं, म्हणून सामान गोळा करून चालला होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. गाडी आली, तो चढला, डब्याच्या टोकाच्या खिडकीशी बसला. मी मागच्या डब्याच्या दारात उभी राहिले. सुखदेवभाऊ उठले आणि त्याच्या खिडकीपाशी गेले. मला वाटलं शिवी देतील. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"थ्या फाटकात मले घेत नाही," ते म्हणाले. "आता तुलेबी नाही घेत."

गाडी हलली. इंजिनीअरनं खिडकीची झडप खाली ओढली. सुखदेवभाऊ वाकलेल्या पाठीनं त्या बंद झडपेबरोबर चालत राहिले, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत.